लाडबोरीची कडी कोणाची? दहावीच्या ‘अवकाश मोहिमा’ या पाठाचे परीक्षण

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, विदर्भात आणि खानदेशात अनेकांनी आकाशातून सरकत जाणारे तेजस्वी पट्टे पाहिले. कोणी त्यांना उल्का म्हटले, कोणाला विमान पेटल्याची शंका आली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या व्यासाची एक धातूची कडी पडलेली आढळली. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या भागात धातूचे पोकळ गोळेही सापडले. या वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या आणि नंतर इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी आले. कक्षांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकांचे अनुमान असे, की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘चांग झेंग ३बी’ या चिनी प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा त्या संध्याकाळी वातावरणात शिरला होता. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ हे बालभारतीचे पुस्तक २०१८ साली आले. त्यात ही घटना नसणार हे उघड आहे. परंतु त्या पुस्तकातला दहावा पाठ, ‘अवकाश मोहिमा’, नीट शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे ही कडी ठेवली तर तो तिच्याविषयी काय सांगू शकेल? तो कक्षेतला वेग काढू शकेल. प्रक्षेपकाला टप्पे का असतात हे सांगू शकेल. अवकाशात कचरा साठला आहे, तो धोकादायक आहे आणि त्याचे व्यवस्थापन केले पाहिजे, हेही सांगेल. मात्र ही कडी कोणाच्या मालकीची, ती घरावर पडली असती तर भरपाई कोणी द्यायची, आणि ती परत मागण्याचा हक्क कोणाला आहे, यांतले काहीच तो सांगू शकणार नाही. हे प्रश्न विज्ञानाचे नाहीत, नागरिकशास्त्राचे आहेत, असे कोणी म्हणेल. तेथे काय स्थिती आहे ते पुढे पाहू.

आधी या पाठाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. आमच्या पिढीने ज्या पुस्तकांतून अवकाश शिकले त्यांत उपग्रहांची नावे आणि प्रक्षेपणाच्या तारखा यांपलीकडे फारसे नव्हते. हा पाठ गुरुत्वाकर्षणाच्या पाठाशी जोडलेला आहे. उपग्रहाचा क्रांतिक वेग सूत्राने काढून दाखवला आहे; ३५,७८० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाचा वेग सेकंदाला ३.०८ किलोमीटर येतो, हे सोडवलेले उदाहरण विद्यार्थ्यांना आवडते, कारण त्यातून परिभ्रमणकाळ जवळजवळ एक दिवसाचा निघतो आणि ‘स्थिर’ उपग्रहाचे कोडे वहीवर सुटते. पीएसएलव्हीची आकृती आहे. शेवटी अवकाशातील कचऱ्यावर स्वतंत्र मथळा आहे, ही तर दूरदृष्टीच म्हणायची. राज्य मंडळाच्या पुस्तकात हा विषय आला याचा आनंद वाटला होता.

माझी तक्रार त्या मथळ्यातल्या शब्दाबद्दलच आहे. ‘कचरा’ आणि ‘व्यवस्थापन’ हे शब्द मुंबईच्या मुलांना फार ओळखीचे आहेत. घंटागाडी येते, ओला-सुका वेगळा करायचा, देवनारला डोंगर साठतो. अवकाशाचेही तसेच असणार, गाडी पाठवली की काम झाले, असे चित्र त्यांच्या मनात तयार होते. मुलांनी लिहिलेल्या उत्तरांत ‘मोठे जाळे’, ‘चुंबक’, ‘झाडू मारणारा उपग्रह’ अशा कल्पना दिसतात. कल्पना वाईट नाहीत. काहींवर खरोखरच प्रयोग झाले आहेत. अडचण निराळी आहे. आपल्या भंगारवाल्याला रस्त्यावर टाकून दिलेला पत्रा उचलता येतो, कारण तो कोणी तरी टाकून दिलेला असतो. अवकाशात ‘टाकून दिलेले’ असे काही नसतेच. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या आठव्या अनुच्छेदानुसार ज्या देशाच्या नोंदवहीत वस्तू आहे त्या देशाचा तिच्यावरचा अधिकार कायम राहतो. वस्तू अवकाशात असो, चंद्रावर असो किंवा पृथ्वीवर परत आलेली असो, मालकी बदलत नाही. १९५८ साली सोडलेला अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा जेमतेम दीड किलोचा उपग्रह कित्येक दशके मुका होऊन फिरतो आहे, पण दुसऱ्या कोणी परवानगीवाचून त्याला हात लावायचा नाही.

आणि समजा परवानगी मिळाली. एक यान दुसऱ्या, आपल्याशी सहकार्य न करणाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या मृत उपग्रहाजवळ गेले, त्याला पकडले आणि दुसऱ्या कक्षेत ओढून नेले. हे सफाईचे काम झाले. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या शिजियान-२१ या यानाने आपल्याच देशाच्या एका निकामी बैदू उपग्रहाला भूस्थिर कक्षेतून उचलून वरच्या, दफनभूमी म्हटल्या जाणाऱ्या कक्षेत नेऊन सोडले. आता हेच यान दुसऱ्या देशाच्या चालू उपग्रहाजवळ गेले तर? यंत्र तेच, कौशल्य तेच. हेतू तेवढा बदलला. भारताच्या स्पेडेक्स प्रयोगात १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. त्यामागची जवळ जाण्याची विद्याही याच जातीची आहे, आणि ती आपल्याला अवकाशस्थानकासाठी हवीच आहे. अवकाश-सुरक्षेच्या बहुतेक वादांचे मूळ येथे आहे: वस्तूकडे पाहून ती हत्यार आहे की अवजार, हे ठरवता येत नाही. पाठात उपग्रहांच्या प्रकारांचा तक्ता आहे, त्यात लष्करी उपग्रहालाही एक ओळ मिळाली आहे. हवामानाचा एक, दळणवळणाचा एक, लष्कराचा एक, अशा वेगवेगळ्या डब्यांत उपग्रह बसतात असा त्या तक्त्याचा सूर आहे. दिशादर्शनाचा उपग्रह बंदरातल्या मच्छीमाराला वाट दाखवतो आणि क्षेपणास्त्रालाही दाखवतो, हे सांगायला तक्त्यात रकाना नाही.

पाठातल्या गणिताकडे पुन्हा येऊ, कारण माझ्या मते कायद्याचा धडा त्या गणितातच दडलेला आहे. वेगाच्या त्याच सूत्रात २८३ किलोमीटर उंची घातली तर उत्तर सेकंदाला सुमारे ७.७४ किलोमीटर येते. ८६५ किलोमीटर घातली तर सुमारे ७.४२. हे आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’ या चाचणीत भारताने स्वतःचा मायक्रोसॅट-आर हा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, तो साधारण २८३ किलोमीटर उंचीवर. ११ जानेवारी २००७ रोजी चीनने स्वतःचा फेंगयुन-१सी हा जुना हवामान उपग्रह फोडला, तो साधारण ८६५ किलोमीटरवर. वेगात फरक फार नाही. मग उंचीचा एवढा गवगवा कशाला? कारण हवा. तीनशे किलोमीटरखाली विरळ का होईना, पण तुकड्यांना ओढून खाली आणण्याइतकी हवा आहे. साडेआठशेवर ती जवळजवळ नाही. चिनी चाचणीतून मागोवा घेता येतील असे ३,००० हून अधिक तुकडे झाले आणि त्यांतले पुष्कळ अजून वर फिरत आहेत. भारताच्या चाचणीचे तुकडे काही आठवड्यांत खाली येतील असे तेव्हा सांगितले गेले. बहुतेक लवकर आलेही. पण काही तुकड्यांना सुमारे तीन वर्षे लागली.

असे का व्हावे, हे दहावीच्या हुशार विद्यार्थ्याला समजावता येते. आघातात एखाद्या तुकड्याला पुढच्या दिशेने सेकंदाला अवघा ३०० मीटर जादा वेग मिळाला असे समजा. त्याची कक्षा आता वर्तुळाकार राहत नाही. एक टोक त्याच २८३ किलोमीटरवर राहते, पण दुसरे टोक सुमारे १,४०० किलोमीटरवर जाते. प्रत्येक फेरीत तो तुकडा थोडा वेळच हवेत बुडी मारतो आणि बाकीचा वेळ वर काढतो, म्हणून तो लवकर पडत नाही. वर जाताना-येताना तो इतरांच्या वाटा ओलांडतो, अवकाशस्थानकाचीही. ‘आम्ही खालच्या कक्षेत चाचणी केली’ हे विधान खरे आहे, जबाबदारीचे आहे आणि तरीही अपुरे आहे. हे तिन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे विद्यार्थ्याला सूत्रावरून कळले तर मला वाटते पाठाचे सार्थक झाले. देशाचा अभिमान त्याने कमी होत नाही.

तुकडा लहान असला म्हणून काय बिघडते, असाही प्रश्न येतो. एक ग्रॅमचा तुकडा सेकंदाला १० किलोमीटर या सापेक्ष वेगाने आदळला तर त्याची गतिज ऊर्जा ५०,००० ज्यूल. प्रवाशांसह एक टन वजनाची काळी-पिवळी टॅक्सी ताशी ३६ किलोमीटर वेगाने येऊन धडकली तर तेवढीच. हे गणित फळ्यावर दोन ओळींत होते, आणि लालबागच्या उड्डाणपुलाखालून रोज रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ निराळा समजावावा लागत नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजाने एक सेंटीमीटरहून मोठे असे तुकडे आज बारा लाखांहून अधिक आहेत.

आता लाडबोरीकडे. परळच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांपुढे ‘ही कडी कोणाची?’ असा प्रश्न ठेवला तेव्हा पहिले उत्तर आले, ‘ज्याच्या जमिनीत पडली त्याची.’ दुसरे, ‘सरकारची.’ एका मुलीने विचारले, ‘बाई, चीनची असेल तर ते न्यायला का येत नाहीत?’ प्रश्न अचूक आहे. १९६८ च्या बचाव करारानुसार, परक्या देशाची अवकाशातून आलेली वस्तू सापडली तर ज्या देशात ती सापडली त्याने प्रक्षेपण करणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचे असते, आणि मागणी झाल्यास ती परत करायची असते. मागणे न मागणे मालकाकडे. मागितले तर ‘ही आमची’ अशी कबुली आपोआप येते, आणि कबुलीमागून जबाबदारी येते. १९७२ च्या दायित्व कराराप्रमाणे जमिनीवर किंवा उडत्या विमानाला झालेल्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशाने द्यायची, मग त्याची चूक सिद्ध होवो वा न होवो. अवकाशातच दोन वस्तू आदळल्या तर मात्र चूक कोणाची ते दाखवावे लागते. हा फरक वाजवी आहे. जमिनीवरच्या माणसाने कोणताही धोका पत्करलेला नसतो.

या नियमांचा खरा कस एकदाच लागला असे म्हणता येईल. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ भागावर कोसळला. त्यात युरेनियमवर चालणारी अणुभट्टी होती. किरणोत्सर्गी तुकडे विस्तीर्ण प्रदेशात विखुरले, महिनोन्‌महिने शोध चालला. कॅनडाने साठ लाख डॉलरांहून थोडी अधिक मागणी केली आणि १९८१ मध्ये तीस लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली. साफसफाईचा खर्च म्हणजे ‘नुकसान’ होय की नव्हे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत झालेच नाही.

मात्र लाडबोरीचे उदाहरण एकटे शिकवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एकटे शिकवले की ‘चीनने आपल्यावर कचरा टाकला’ एवढेच डोक्यात राहते. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, पर्थच्या उत्तरेस, ग्रीन हेड या गावाजवळ पिंपासारखी एक मोठी वस्तू लाटांबरोबर आली. त्याच आठवड्यात, १४ जुलैला, चांद्रयान-३ चे प्रक्षेपण झालेले होते. ती वस्तू त्याचीच, अशी आवई उठली. छायाचित्रे पाहणाऱ्यांनी मात्र दाखवून दिले की वस्तूवर समुद्री जीवांची कवचे घट्ट बसलेली आहेत, म्हणजे ती पाण्यात पुष्कळ काळ असली पाहिजे. (जीवशास्त्राच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे.) ३१ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने सांगितले, की ती बहुधा भारताच्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या करारांतील कर्तव्यांचा विचार करून इस्रोबरोबर पुढचे पाऊल ठरवले जाईल. म्हणजे लाडबोरीत आपण ज्या जागी होतो त्या जागी ग्रीन हेडला ऑस्ट्रेलिया होता, आणि चीनच्या जागी आपण. वर्गाचे दोन गट करून एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने बोलायला लावले, तर करार म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

सप्टेंबर २०२३ च्या गणेशोत्सवात मुंबईत ठिकठिकाणी चांद्रयानाचे देखावे होते. कौतुकास्पद कारागिरी होती. रांगेत तास-दोन तास उभी राहिलेली मुले डोळे विस्फारून पाहत होती. पण देखाव्यात अग्निबाण वर जातो आणि पडदा पडतो. आमचा पाठही काहीसा देखाव्यासारखाच आहे: प्रत्येक मोहीम वर जाते, यशस्वी होते आणि पुढची मोहीम सुरू होते. टप्पे गळून कोठे पडतात, त्यासाठी जहाजांना आणि विमानांना आधी सूचना का द्यावी लागते, हे कोठे येत नाही.

आणखी एक गोष्ट पाठातून निसटली आहे, आणि ती मुंबईच्या शिक्षकांनी तरी निसटू देऊ नये. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला पत्ता मुंबईचा होता. १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याने अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली, अध्यक्ष विक्रम साराभाई. खात्याचे प्रमुख होमी भाभा, आणि खाते दक्षिण मुंबईतले. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्याच्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंनी त्याच वर्षी जानेवारीत केले होते. १५ ऑगस्ट १९६९ ला इस्रो स्थापन झाली तीही याच खात्याखाली. स्वतंत्र अवकाश खाते १९७२ मध्ये झाले. गिरगावातून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावरचा हा इतिहास आहे.

त्याच १९६२ च्या ९ जुलैला अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. सुमारे चौदाशे किलोमीटर दूरच्या हवाई बेटावर रस्त्यांवरचे दिवे गेले. स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहिले आणि कित्येक उपग्रह त्यांच्या माऱ्याने निकामी झाले. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ त्यांतला एक. फोडणाऱ्याने कोणाच्याही उपग्रहावर नेम धरला नव्हता, तरी सर्वांचे नुकसान झाले. पुढच्याच वर्षी अवकाशातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला, आणि १९६७ मध्ये बाह्य अवकाश करार. करार हे सद्भावनेतून उगवले असे आपण मुलांना सांगतो. ते मोठ्या प्रमाणावर इलेक्ट्रॉनांच्या धाकातून उगवले. आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंबा येथून आपला पहिला अग्निबाण उडाला तो अमेरिकन बनावटीचा नाइके-अपाची, त्यातले सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे. शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएत संघानेही थुंब्याला मदत केली. २ फेब्रुवारी १९६८ रोजी इंदिरा गांधींनी ते केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले. नववीच्या इतिहासात विज्ञान-तंत्रज्ञानाचे प्रकरण आहे, तेथे आणि येथे मिळून ही साखळी जोडली असती तर ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा शब्द नुसता शब्द राहिला नसता.

बाह्य अवकाश कराराविषयी जेथे माहिती मिळते तेथेही ती पुष्कळदा चुकीची असते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एक वाक्य सर्रास आढळते: या कराराने अवकाशात शस्त्रे नेण्यास बंदी केली. तसे नाही. चौथ्या अनुच्छेदाने कक्षेत अण्वस्त्रे आणि इतर सर्वसंहारक अस्त्रे ठेवण्यास बंदी केली आहे. चंद्र आणि इतर गोलांवर लष्करी तळ, शस्त्रचाचण्या आणि कवायती नाहीत. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत साधे शस्त्र ठेवण्यास, किंवा जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडण्यास, त्या अनुच्छेदात मनाई नाही. म्हणूनच २००७ ची चिनी चाचणी, २००८ ची अमेरिकेची, २०१९ ची आपली आणि १५ नोव्हेंबर २०२१ ची रशियाची (तिच्यातून १,५०० हून अधिक नोंदण्याजोगे तुकडे झाले) यांपैकी एकीलाही ‘चौथ्या अनुच्छेदाचा भंग’ म्हणता आले नाही. इतरांच्या कामाची योग्य ती दखल घेण्याचे आणि हानीची शक्यता असल्यास आधी सल्लामसलत करण्याचे नववे कलम आहे, पण ते मोघम आहे.

करारातल्या पहिल्या दोन अनुच्छेदांसाठी मी गिरगावातल्या चाळीची सामाईक गॅलरी वापरते. सर्वांनी ये-जा करावी, कपडे वाळत घालावेत, उन्हाळ्यात अंथरूण टाकावे. मात्र कोणी पार्टिशन घालून ‘ही माझी’ म्हणायचे नाही. मग मुलेच विचारतात, की कोणी एका कोपऱ्यात वर्षानुवर्षे कपाट ठेवले तर? तोच भूस्थिर कक्षेचा प्रश्न. त्या कक्षेचा परीघ सुमारे २ लाख ६५ हजार किलोमीटर, म्हणजे एक अंशाला साधारण ७३६ किलोमीटर. जागा ऐसपैस वाटते, पण शेजारच्या दोन उपग्रहांचे संदेश जमिनीवरच्या लहान तबकड्यांना वेगळे करता आले पाहिजेत, म्हणून त्यांच्यात अंतर राखावे लागते, आणि स्थाने व कंपनसंख्या यांचा मेळ आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ घालतो. १९७६ मध्ये विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटा येथे आपल्या डोक्यावरची ही कक्षा आपलीच असा दावा केला. तो मान्य झाला नाही. पण आधी आलेल्या श्रीमंत देशांनी चांगल्या जागा घेतल्या, ही त्यांची तक्रार पोकळ नव्हती.

पाठ सुरू होतो तो आकाश आणि अवकाश यांतला फरक विचारून. छान सुरुवात आहे. येथेच सांगता आले असते की कायद्याला हा फरक अजून ठरवता आलेला नाही. आकाश हे खालच्या देशाचे, अवकाश कोणाचेच नाही. पण एक संपून दुसरे कोठे सुरू होते, याची सर्वमान्य रेघ कोणत्याही करारात नाही. शंभर किलोमीटर हा आकडा सोयीचा आहे, इतकेच.

नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रे, भारताची सुरक्षा व्यवस्था, परराष्ट्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय समस्या अशी प्रकरणे आहेत. मानवी हक्क, पर्यावरण, दहशतवाद, निर्वासित यांवर लिहिलेले आहे. अवकाश हा स्वतंत्र विषय म्हणून तेथे नाही. विज्ञानाचा तास म्हणतो हे राज्यशास्त्राचे, राज्यशास्त्राचा तास म्हणतो हे विज्ञानाचे. ‘पोर्शन’ संपवण्याच्या घाईत, पेपरात न येणारा प्रश्न कोण घेणार, हे शिक्षकांचे म्हणणे मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. पण याची किंमत काय, तेही पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, उपग्रह फोडणाऱ्या क्षेपणास्त्र-चाचण्या देशांनी आपणहून थांबवाव्यात असा ठराव आला. १५५ देश बाजूने, ९ विरोधात, ९ तटस्थ. भारत तटस्थ राहिला. ऐच्छिक वचनांपेक्षा सर्वांना बांधणारा, पडताळता येणारा करार हवा, ही भारताची जुनी भूमिका. स्वतःची चाचणी पार पाडून झालेल्या देशाला असे म्हणणे सोपे जाते, अशी टीका करता येते. इतरांनी अनेक चाचण्या उरकल्यावर दार लावून घेणे अन्यायाचे, असे उत्तरही देता येते. मी येथे निवाडा देत नाही. पण चार-पाच वर्षांत मतदार होणाऱ्या विद्यार्थ्याला या मतदानाचा अर्थच लागू नये, ही स्थिती मला बरी वाटत नाही.

यासाठी नवा पाठ नको. पुस्तकाला जाडी वाढवण्याची गरज नाही, आणि कलमांचे क्रमांक पाठ करून घेण्याची तर मुळीच नाही. तसे झाले तर मुले वेगाच्या सूत्रालाही कंटाळतील. पुढच्या आवृत्तीत सोडवलेल्या उदाहरणात ३५,७८० बरोबर २८३ आणि ८६५ हे दोन आकडे घालावेत आणि ‘यांपैकी कोणत्या उंचीवरचे तुकडे लवकर पडतील? का?’ असे विचारावे. लष्करी उपग्रहाची ओळ तक्त्यातून काढून, तक्त्याखाली ‘यांतील कोणते उपग्रह लष्करालाही उपयोगी पडतील?’ असा प्रश्न टाकावा. आणि पीएसएलव्हीच्या आकृतीत तिसऱ्या टप्प्याकडे बाण दाखवून लिहावे: हा भाग काम संपल्यावर कोठे जातो, आणि दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावर सापडला तर तो कोणाचा?